एक शेड की दोन

मीरा रोडच्या पूनम सागर सोसायटीत आमच्या मजल्यावर चार दारं आहेत. वीसेक वर्षं मी रोज सकाळी त्या दारांसमोरून डबा घेऊन कामाला गेले, पण मी नेमकं काय करते हे त्यांतल्या कुणालाच धड सांगता आलं नसतं. समोरच्या मिश्राजींच्या मते मी माशांच्या कंपनीत हिशेब लिहायचे. जोशीकाकू पाहुण्यांना सांगायच्या, "ह्या कोळंबी पास करतात." मीही कधी दुरुस्ती केली नाही. दारात उभं राहून दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते काम नव्हतं. आता निवृत्त होऊन दोन वर्षं झालीत, तेव्हा नीट बसून सांगते.

माल पिकतो किंवा सापडतो एका ठिकाणी, खपतो दुसऱ्या ठिकाणी, आणि मधे कुठेतरी त्याच्यावर प्रक्रिया करावी लागते. दूध थंड करायचं, आंब्याचा रस काढायचा, कोळंबी सोलायची. त्यासाठी कारखाने किती बांधायचे, कुठे बांधायचे आणि केवढे, हे ठरवणं माझं काम. एकच मोठा कारखाना बांधला तर किलोमागे खर्च कमी येतो, कारण यंत्र एक, सुपरवायझर एक, पाण्याची टाकी एक. पण मग सगळा माल लांबून वाहून आणावा लागतो. जागोजागी लहान कारखाने काढले तर वाहतूक वाचते, पण प्रत्येकाला वेगळं यंत्र, वेगळा माणूस, वेगळी टाकी लागते. जागा बदलून, आकार बदलून, पुन्हा पुन्हा बेरीज करत बसायचं आणि सगळ्यात कमी खर्च जिथे येईल तिथे बोट ठेवायचं. बोट ठेवणारी मी. पुढे तिथे भिंती उभ्या राहायच्या आणि शेकडो माणसांचा दिवस त्याप्रमाणे बदलायचा.

मी लातूरकडची. घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिली. संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि त्या जोरावर मुंबईत नोकरी मिळाली. आकड्यांनी मला गावाबाहेर काढलं, म्हणून आकड्यांवर माझा विश्वास जरा जास्तच. सुरुवातीच्या नोकरीत कोकणातल्या एका आमरसाच्या कारखान्यासाठी मी जागा काढून दिली होती. सगळ्या बागांच्या मध्यावर, डांबरी रस्त्याला लागून. कागदावर तिच्याइतकी स्वस्त जागा दुसरी नव्हती. मालक म्हातारा बागायतदार होता. त्याने मला गाडीत घालून तिथे नेलं, विहिरीपाशी उभं केलं आणि आत एक दगड टाकला. ठक्क आवाज आला. एप्रिल संपत आला होता आणि आंबा मे महिन्यात यायचा.

"फळं धुवायची कशात?" एवढंच त्याने विचारलं.

त्या दिवसापासून जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अहवालावर सही करायची नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला. तो पुढे कधी मोडला नाही. भाईंदरजवळच्या मोरवा गावातल्या शेडच्या बाबतीतही नाही. म्हणूनच ती गोष्ट सांगायला जड जाते. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

ही सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा कोळंबी निर्यात करणाऱ्या एका कंपनीत होते. कोळंबी गोठवून पॅक करायचा प्लँट तळोज्याला होता, पण ती सोलायची इकडे. तीन लहान शेड होत्या: एक उत्तनला, एक मोरव्याला आणि एक भाईंदर पश्चिमेला बाजाराच्या मागे. होड्यांवरून माल यायचा, बायका तो सोलायच्या, आणि सोललेलं मांस बर्फात घालून तळोज्याला जायचं. कोळंबीचं जवळजवळ निम्मं वजन डोक्यात आणि सालात जातं. त्यामुळे ती किनाऱ्याजवळ सोलणं फायद्याचं, कारण पुढे निम्माच माल वाहावा लागतो.

पण परदेशी ग्राहकांचे तपासनीस येऊन गेले आणि त्यांनी तिन्ही शेडना नापसंती दिली. फरशी तुटकी, पंख्यांवर जाळी नाही, पाय धुवायची सोय नाही. तिन्ही सुधारायच्या, की बंद करून एकच नवी बांधायची? आमचे उत्पादन प्रमुख नायरसाहेब मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "कांबळेजी, एक महिने में बताओ. कितने शेड, किधर, कितने टेबल."

नायरसाहेब केरळचे. चाळीस वर्षं याच धंद्यात. माशाच्या डोळ्याकडे पाहून तो कधी पकडला ते सांगायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण त्यांना एखादं उत्तर आवडलं नाही तर ते टेबलावरची पेन्सिल उचलून पुन्हा तिथेच ठेवायचे, आणि तेवढ्याने समोरच्याला घाम फुटायचा.

मी तिन्ही शेड पाहायला गेले. मोरव्याच्या शेडमध्ये हिराबाई पाटील भेटल्या. पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, तीस वर्षं कोळंबी सोलणाऱ्या. त्या मुकादम नव्हत्या, पण साठ-सत्तर बायका त्यांच्याकडे पाहून उठायच्या आणि बसायच्या. त्यांनी मला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि हात न थांबवता बोलत राहिल्या. डोकं मोडायचं, पाठीवरचं साल एका ओढीत काढायचं, शेपटी चिमटीत धरून मांस सोडवायचं, पाठीतला काळा दोरा नखाने ओढायचा. मी घड्याळ लावून बघत होते. एका कोळंबीला त्यांना लागलेला वेळ माझ्या घड्याळात नीट मोजताही येईना.

मधेच एक बाई उठून घरी गेली, पोराला पाजून परत आली. दुसरी तासाभराने आली, तिची घरची चूल उरकायची होती. घर आणि शेड यांत पाच मिनिटांचं अंतर. कामाची अशी वेळ कुणी ठरवून दिलेली नव्हती, ती आपोआप बसली होती.

"ही शेड बंद करनार काय?" हिराबाईंनी विचारलं.

"अजून ठरलं नाही. कदाचित मीरा रोडला हायवेजवळ एक मोठी होईल. कामं तशीच राहतील, फक्त जागा बदलेल."

"मीरा रोडला आमी कसं येनार? हितून स्टेशन, मग पूल चडून पूर्वेला, मग तिथून आनि एक रिक्षा. जायलाच दीड तास."

"कंपनीची बस असेल," मी म्हणाले. "मी ती धरूनच मांडणार आहे."

"सकाली एक, दुपारी एक?"

"दोन फेऱ्या. हो."

त्यांनी मान हलवली आणि बाकीच्यांना सांगितलं, बस हाय. मला त्यात खोटं काहीच वाटलं नाही. मी खरोखरच ती ओळ तक्त्यात घातली. कामगार वाहतूक, दोन फेऱ्या.

आणि उत्तर बदललं. बस नसताना एकच मोठी शेड सगळ्यात स्वस्त पडत होती. बस घातली की दोन शेड पुढे जात: मीरा रोडला एक मध्यम, आणि मोरव्याचीच दुरुस्त केलेली एक लहान. फरक अगदी केसाएवढा. मी तो तक्ता सेव्ह केला आणि नायरसाहेबांकडे गेले. मी तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले, "डायरेक्टर को मैंने बोल दिया है, एक ही शेड आएगा. उनको भी वही चाहिए. तुम्हारा क्या निकला?"

"एकच निघतंय, सर. थोडं फायनल करायचंय."

जागेवर परत आले. त्या ओळीकडे बराच वेळ पाहत बसले. मग स्वतःशी म्हणाले, मीरा रोडला माणसांची काय कमी आहे. एवढ्या बिल्डिंगा, एवढ्या बायका काम शोधतायत. मोरव्याच्या ज्यांना जमेल त्या येतील, नाहीतर इथल्याच घेऊ. आणि ती ओळ मी काढून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बोटाने काढली. अहवालावर सही केली तेव्हा मी तिन्ही जागा डोळ्यांनी पाहिलेल्या होत्या.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत नवी शेड तयार झाली. एकशेवीस टेबलं, पांढऱ्या टाइल्स, पाय बुडवून आत जायचं कुंड. तपासनिसांनी पास केली. जुन्या तिन्हींना कुलूप लागलं. इथल्या बायकांची भरती झाली, आठवडाभर सरावही झाला. सुपरवायझर रेश्मा मला म्हणाली होती, "मॅडम, ह्यांचा हात बसायला दोन सीझन जातील." मी ते ऐकलं आणि हळूहळू बसेल म्हणून सोडून दिलं.

होड्या समुद्रात गेल्या आणि चौथ्या दिवशी कोळंबीची मोठी खेप आली. मी सकाळी आठला शेडवर पोचले तेव्हा फाटकाबाहेर चार टेम्पो ओळीने उभे होते, डोक्यासकट कोळंबीने भरलेले. आत एकशेवीस टेबलांवर एकतीस बायका होत्या.

"बाकीच्या?" मी रेश्माला विचारलं.

"भरतीतल्या निम्म्या सोमवारीच सोडून गेल्या. बोटं चिरली, वास सहन होत नाही म्हणाल्या. मोरव्याहून सात आल्यात. कुणाच्या नवऱ्याची रिक्षा आहे, त्यातून."

"एकतीस जणी किती सोलतील?"

"ह्यांतल्या चोवीस नवीन आहेत. संध्याकाळपर्यंत एक टेम्पो. तोही पूर्ण नाही."

कोळंबी डोक्यासकट फार वेळ टिकत नाही. बर्फ नीट असला तरी डोक्याकडून काळी पडायला लागते. ती खाता येते, पण निर्यातीला जात नाही. हा माल पहाटे तीनला उतरला होता. शेडची शीतखोली एका टेम्पोपुरतीच होती. तीही मीच लहान ठेवली होती, कारण माझ्या तक्त्यात माल कुठे थांबतच नव्हता, आला की सोलला जात होता. सीझनच्या पहिल्या आठवड्यात बर्फ विकत मिळत नाही, सगळा होड्यांवर गेलेला असतो. मी तीन कारखान्यांना फोन केले. तिन्हीकडून एकच उत्तर, उद्या संध्याकाळी.

नायरसाहेब तळोज्याला होते. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पुरानी मोरवा वाली शेड खोलें, सर? हात तो उधर ही हैं."

"वो अप्रूव्ड नहीं है. उधर छिला हुआ एक भी पीस एक्सपोर्ट में नहीं जाएगा." मग म्हणाले, "इधर का लोडिंग निपटाकर निकलता हूँ. दो बजे तक पहुँचूँगा. तब तक जो हो सके करो."

बाहेर टेम्पोच्या फळीतून पाणी ठिबकत होतं. ड्रायव्हर सलीमभाई खाली बसून त्याकडे बघत होते. ते म्हणाले, "मॅडम, अभी तक साफ है. मैला आने लगा तो समझो गया."

मला मिश्राजी आठवले. आमच्या समोरच्या दारातले. त्यांच्या शाळेच्या बसगाड्या होत्या. सकाळची शाळा सुरू झाली की दुपारपर्यंत त्या रिकाम्या उभ्या असतात, हे मला रजेच्या दिवशी बाल्कनीतून दिसायचं. मी फोन लावला. काय हवंय ते सांगितलं.

"दो गाड़ी है," मिश्राजी म्हणाले. "लेकिन बारह बजे मुझे स्कूल के गेट पर चाहिए. बारह मतलब बारह, बच्चे धूप में खड़े रहते हैं. और मछली का पानी सीट पर नहीं गिरना चाहिए."

"जाताना माणसंच आहेत, मासे नाहीत. और शाम को छह बजे वापसी?"

"छह बजे गाड़ी ख़ाली है. ठीक है."

साडेआठ वाजले होते. मी पुढच्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले. पूर्वेकडून पश्चिमेला जायलाच पाऊण तास गेला. एका सिग्नलला आम्ही तीन वेळा अडकलो. मी घड्याळाकडे बघायचं बंद केलं. काय बोलायचं याची तयारी करत होते, आणि प्रत्येक वाक्य सुरू व्हायच्या आधीच खोटं वाटत होतं.

हिराबाई घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. आजूबाजूला आठ-दहा बायका. दोन पिवळ्या बस गल्लीच्या तोंडाशी थांबलेल्या त्यांनी पाहिल्या, मग मला पाहिलं. कुणी उठलं नाही. बसायलाही कुणी सांगितलं नाही.

"हिराबाई, चार टेम्पो माल उभा आहे. हात नाहीत. बस घेऊन आलेय."

"बस," त्या म्हणाल्या. "तुमी बोल्लेल्या बस येल. आमी दोन दिवस नाक्यावर जाऊन उब्या रायलो. पावसात. सोमवारी, मंगलवारी. नव्या शेडच्या सायबाला फोन लावला तर तो बोलतो, बसचा कागदात काय न्हाय."

मला हे ठाऊक नव्हतं. त्या नाक्यावर उभ्या राहिल्या असतील हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

"कागदात होती," मी म्हणाले. "मीच काढली."

"तुमी?"

"मी. वरून कुणी सांगितलं नव्हतं. बस धरली की ही शेड बंद करता येत नव्हती. आणि बंद करायची असं साहेबांनी आधीच ठरवलं होतं. मग मी ती ओळ काढली. तुम्हाला कळवलंही नाही."

मागे बसलेली एक बाई काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. दुसरी उठून घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. हिराबाई माझ्याकडेच बघत होत्या. त्या ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"उद्या येल बस?" त्यांनी विचारलं.

हो म्हणायला जीभ उचलली होती. हो म्हटलं असतं तर बस भरली असती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "आजची मी आणलीय. उद्याचं माझ्या हातात नाही. मी भांडेन, पण शब्द देत नाही."

"संद्याकाली परत?"

"सहाला निघेल. ही दोन्ही वाहनं. ते नक्की आहे."

"माल कदी उतरला?"

"पहाटे तीनला."

त्यांनी बोटांवर तास मोजले. मग पदर खोचून उठल्या.

"माल आमच्याच होड्यांचा हाय," त्या म्हणाल्या. "काला पडला म्हंजे भाव आमच्याच मानसांचा पडतो. मी येतंय. पन बाकीच्यांना मी बोलवनार न्हाय. मागच्या वेलेला मी त्यांना बोल्ली, बस हाय. आता तुमी जा, तुमी बोला."

मग मी दारोदार गेले. आयुष्यात मी कितीतरी अहवाल मांडले, मोठमोठ्या माणसांसमोर, पण त्या गल्लीतल्या प्रत्येक दारात उभं राहून तेच वाक्य पुन्हा म्हणणं यासारखं काही नव्हतं. बस मीच काढली होती, आज आणलीय, उद्याचं सांगता येत नाही, येता का? काही जणी चप्पल घालून निघाल्या. एकीने विचारलं, "पोराला कोन बघनार? तुमी?" आणि उत्तराची वाट न बघता आत वळली. एका सासूने सुनेला पुढे ढकललं, ती बाई रडवेली होऊन आली. एका दारात मला पाणी मिळालं. एका दारात ऐकलं की आम्हाला कुत्र्यासारखं वागवता आणि काम पडलं की येता. मी तिथून पुढे गेले. घड्याळ आता बघावंच लागत होतं.

पावणेदहाला दोन बस निघाल्या. मी मोजलं. त्रेचाळीस जणी.

शेडवर पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते आणि सलीमभाईंच्या टेम्पोखालचं पाणी मळलेलं होतं.

बायका उतरल्या, पाय कुंडात बुडवले, टोप्या घातल्या. हिराबाई टेबलांजवळ गेल्या नाहीत, आधी टेम्पोंकडे गेल्या. चारही टेम्पोंत हात कोपरापर्यंत खाली घालून तळाची कोळंबी वर काढून पाहिली. तिसऱ्यापाशी जरा थांबल्या. चौथ्यात हात घालून लगेच काढला.

"ह्यो गेला," त्या रेश्माला म्हणाल्या. "याला हात लावू नका. ते दोन आदी घ्या. तिसरा बर्फाच्या खोलीत ढकला, जमेल तेवडा. त्याचा वरचा थर आमी शेवटी घेतंव."

मी तो निर्णय घेऊ शकले नसते. मी चारही वाचवायला धडपडले असते आणि चारही घालवले असते.

पुढचे चार तास शेडमध्ये फक्त पाण्याचा आणि साल तुटण्याचा आवाज होता. नवीन बायका मोरव्याच्या बायकांच्या मधेमधे बसवल्या होत्या. हिराबाईंनीच तसं करायला लावलं. मीही टोपी घालून एका टेबलाशी उभी राहिले. काहीतरी करायला हवं म्हणून. अर्ध्या तासात माझ्या अंगठ्यात कोळंबीचा काटा गेला आणि वाटीभर मांसही झालं नाही. रेश्माने मला हळूच बाजूला केलं आणि बर्फ फोडायला लावलं. ते मला जमलं.

दोनला नायरसाहेब आले. आत येऊन त्यांनी टेबलांवर नजर टाकली, मग भरलेल्या क्रेटकडे, मग बाहेरच्या चौथ्या टेम्पोकडे. एका क्रेटमधली मूठभर कोळंबी उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली.

दोन टेम्पो पूर्ण वाचले. तिसऱ्याचा निम्मा. उरलेला तिसरा आणि सगळा चौथा दुसऱ्या दिवशी मिळेल त्या दराला इथल्याच बाजारात गेला. सहाला मिश्राजींच्या बस आल्या, सीटवर जुनी वर्तमानपत्रं पसरलेली. बायका चढल्या. मी आभार मानले नाहीत. ते शोभलं नसतं.

त्या गेल्यावर मी नायरसाहेबांकडे गेले. शेडच्या कोपऱ्यातल्या छोट्या ऑफिसमध्ये ते बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की पहिल्या तक्त्यात दोन शेड येत होत्या, आणि मी बसची ओळ काढून एक आणली.

त्यांनी पेन्सिल उचलली नाही.

"मुझे पता है," ते म्हणाले. "तुम्हारी पहली शीट शेअर फोल्डर में पड़ी थी. मैंने देखी थी. दूसरी आई तो उसमें एक था. मैंने पूछा नहीं."

त्यांचं वय मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"कल से बस लगाओ," ते म्हणाले. "मेरी सही से. और पूरा काग़ज़ फिर से बनाओ."

बस दुसऱ्या दिवशीपासून लागली. सकाळी एकच, कारण दुपारच्या फेरीला परवानगी मिळाली नाही. त्यामुळे सगळ्याच जणी येऊ शकल्या नाहीत, तान्ही मुलं असलेल्या तर मुळीच नाहीत. सीझन रडतखडत पार पडला. नवा अहवाल मी मांडला तेव्हा डायरेक्टरनी सरळ विचारलं, "कागदावर स्वस्त कोणतं?"

"एक शेड, बस नसलेली," मी म्हणाले. "पण ती चालत नाही. आपण चालवून पाहिली."

त्यांनी नायरसाहेबांकडे पाहिलं. नायरसाहेब म्हणाले, "चूक आम्हा दोघांची होती." चाळीस वर्षांत शिकलेल्या मराठीतलं त्यांचं ते सगळ्यात स्वच्छ वाक्य असेल.

पुढच्या वर्षी मोरव्याची शेड पुन्हा उघडली. नवी फरशी, जाळ्या, पाण्याचं कुंड, पंचेचाळीस टेबलं. दोन शेड मिळून खर्च कमी झाला की वाढला, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. कोळंबी काळी पडली नाही, एवढं सांगू शकते.

शेड उघडली त्या सकाळी मी लवकर जाऊन दारात उभी होते. बायका येत होत्या. हिराबाई आल्या नाहीत. दहा वाजेपर्यंत वाट पाहून मी त्यांच्या घरी गेले. त्या बाहेर पडायच्या तयारीत होत्या, हातात पिशवी आणि छत्री.

"मना आता जमनार न्हाय, मॅडम," त्या म्हणाल्या. "बसच्या वेलेला सासूचं करायला कोनी नसायचं, म्हनून मी ते सोडलं. भाईंदरला दोन घरी सैपाक धरलाय. दहाला जातंय, एकला परत."

"आता शेड इथेच आहे. पाच मिनिटांवर."

"तीस वर्सं बर्फात हात घातला." त्यांनी हात पुढे करून दाखवले. बोटांच्या बेचक्यांतल्या जुन्या भेगा भरून आल्या होत्या आणि नखं, जी मी कायम पिवळी, कुजल्यासारखी पाहिली होती, ती मुळापासून स्वच्छ उगवत होती. "हे बगा. आता परत न्हाय घालनार."

मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. वर्षभर मी ज्या शेडसाठी भांडले, ती त्यांच्यासाठी उघडतेय असं मी मनात धरून चालले होते. त्या आनंदात होत्या, आणि त्या आनंदात माझा काही वाटा नव्हता. असलाच तर उलटा होता.

निघता निघता त्या थांबल्या.

"माजी सून येतेय आजपासून. रूपाली. अजून हात हलू हाय तिचा, पन बसंल. पोर तान्हं हाय. तिला दाराजवलचं टेबल द्या. घरून कोनी बोलवायला आला तर पटकन उठून जाईल असं."

त्या स्टेशनच्या दिशेने गेल्या. मी शेडवर परत आले. टेबलांच्या जागा मीच कागदावर नेमून दिल्या होत्या, माल आत येतो त्या बाजूला सगळ्यात वेगवान हात. दाराजवळच्या टेबलावर गावातली जुनी, झपाट्याने सोलणारी बाई बसली होती. मी तिला विनंती केली, तिने आपली टोपली उचलली आणि पलीकडे गेली. मग मी आत बावरून उभ्या असलेल्या रूपालीला हाक मारून तिथे बसवलं.